कधी तापते, कधी नाही: नर्मदेच्या पाण्यावर बोटीची मोटार

मणिबेली, चिमलखेडी, डनेल, भूषा. सातपुड्याच्या उतारावरच्या या गावांना सरदार सरोवराचं पाणी हाच मोठा रस्ता आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या जलाशयाच्या बुडितात आली. काठावर उरलेल्या पाड्यांचं रेशन, बाजार आणि दवाखाना तेव्हापासून बोटीवर अवलंबून आहे. आरोग्य विभागाची बोट अ‍ॅम्ब्युलन्सही याच पाण्यातून फिरते. इथे भर पाण्यात मोटार बंद पडली, तर बोटीत बाळंतपणाला निघालेली बाई असू शकते. दोन्ही बाजूंना चढे डोंगर असतात आणि मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

बोटीच्या मागे टांगलेल्या मोटारीचा, म्हणजे आउटबोर्ड इंजिनचा, सगळ्यांत फसवा बिघाड म्हणजे ‘कधी तापते, कधी नाही’. कायम तापणारी मोटार कुणी पाण्यात नेत नाही. ही मात्र भोंगा वाजवते, बंद केली की थोड्या वेळात निवते, पुन्हा सुरू होते आणि चालवणारा म्हणतो, “झाली नीट.” ती नीट झालेली नसते. कारण हाताला लागेपर्यंत अशी मोटार बिघडलेलीच समजायची. खालच्या सगळ्या सूचनांचा पाया हाच आहे.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

मोटारीच्या खालच्या भागात जाळी असते. तिथून नदीचं पाणी आत येतं. वर रबरी पात्यांचा इम्पेलर फिरतो, तो हे पाणी नळीतून इंजिनपर्यंत ढकलतो. इंजिन पुरेसं गरम झालं की थर्मोस्टॅट उघडतो आणि गरम पाणी बाहेर जातं. इम्पेलरने ढकललेल्या पाण्यातलंच थोडं मागच्या भोकातून बारीक धारेने पडतं, ते चालवणाऱ्याला दिसावं म्हणून. जाळी, इम्पेलर, नळी, आतल्या वाटा, थर्मोस्टॅट: शोध याच क्रमाने घ्यायचा.

आपल्या जलाशयात ही वाट अडायला कारणं भरपूर आहेत. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे पाणी २८ मीटरपर्यंत वरखाली होऊ शकतं. पाणी चढलं की काठावरचा पालापाचोळा आणि प्लास्टिक तरंगायला लागतं. उतरलं की गाळ आणि बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात.

भर पाण्यात भोंगा वाजला तर

करा:

- लगेच वेग कमी करा आणि मागे वळून धार पाहा. धार चालू असेल तर मोटार न्यूट्रलमध्ये काही मिनिटं हळू चालू द्या, ती सावकाश निवेल. धार नसेल तर तत्काळ बंद करा.
- बंद केल्यावर मोटार तिरपी करून जाळी पाहा. पिशवी, पाला किंवा जाळ्याचा तुकडा दिसला तर काढा.
- जाळीवर काही दिसलं नाही तरी आजूबाजूचं पाणी पाहा. मोटार चालू असताना ओढीने चिकटलेली पिशवी मोटार बंद होताच सुटून जाते. ‘कारणच सापडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा अशी एखादी पिशवी असते.
- बोट वाऱ्याने कुठे ढकलली जाते आहे यावर लक्ष ठेवा. वल्ही बाहेर काढा आणि काठ धरा. २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे अलिगाट आणि दादर इथल्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत स्वतः वल्हवत जात होत्या. याच पाण्यात वल्ह्यावर काठ गाठता येतो.

टाळा:

- तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. धातू एकदम आकसतो आणि हेड वाकतं किंवा तडकतं.
- मोटार चालू असताना वरचं झाकण उघडून आत हात घालू नका. आत फ्लायव्हील गरगर फिरत असतं. बाही, ओढणी किंवा केस ओढले जातात.
- प्रवाशांना उभं राहू देऊ नका. २०१९ च्या मकर संक्रांतीला भूषाजवळ माणसांनी जास्त भरलेली बोट उलटली आणि लहान मुलांसह काही जण बुडाले. मोटार थांबली की बोट लाटांना आडवी होते. त्यात माणसं एका बाजूला आली की तोल जातो.
- निवली म्हणून पुढचा प्रवास पूर्ण वेगाने करू नका. हळू, काठाकाठाने, जवळच्या गावी जा.

कधी तापते, यावरून कारण ओळखा

करा:

- हळू चालवताना तापते आणि वेगात निवते? आधी इम्पेलर पाहा. पाती झिजली असतील तर मंद वेगात पाणी पुरेसं वर चढत नाही.
- हळू ठीक, वेगात तापते? जाळी अर्धवट बुजलेली असेल, आतल्या वाटांत गाळ असेल, दाबाची झडप अडकली असेल किंवा मोटार फार उंच बसवल्यामुळे पाण्याबरोबर हवा ओढली जात असेल.
- वेग तोच असताना अचानक तापते आणि आपोआप निवते? थर्मोस्टॅट अडकून सुटत असेल, किंवा जाळीवर काही चिकटत-सुटत असेल.
- धार जोरात, तरीही तापते? थर्मोस्टॅट आणि इंजिनच्या आतल्या वाटा पाहा. काही मोटारींत धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या आधीच फुटून बाहेर येतं. तिथे धार फक्त पंप चालू असल्याचं सांगते.
- धार बारीक, पण इंजिन गरम नाही? धारेचं भोकच बुजलेलं असेल. गाळ किंवा कुंभारीण माशीचं मातीचं घर निघेल. तंगुसाचा जाड तुकडा घालून मोकळं करा.
- भोंगा वाजतो, पण इंजिन मोजून पाहिलं तर नेहमीइतकंच गरम? सेन्सरची वायर सैल किंवा गंजलेली आहे का ते पाहा. ऑइल कमी झालं तरी काही मोटारी भोंगा वाजवतात. कोणता आवाज कशाचा, हे मोटारीच्या पुस्तकात दिलेलं असतं.
- माणसं बोटीच्या पुढच्या टोकाकडे सरकल्यावरच तापते का, हेही पाहा. धक्का नसलेल्या काठावर उतरताना सगळे पुढे येतात, बोटीचं शेपूट वर उचललं जातं आणि जाळी पाण्याच्या पृष्ठाजवळ येऊन हवा ओढते.

टाळा:

- उन्हाला दोष देऊ नका. मे महिन्यातही नदीचं पाणी इंजिनपेक्षा पुष्कळ गार असतं. बऱ्याच मोटारींचा थर्मोस्टॅट ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास उघडतो. वाट मोकळी असेल तर नदीचं पाणी कोणत्याही ऋतूत मोटार गार ठेवू शकतं.
- भोंग्याची वायर काढून ठेवू नका. तो आवाज नकोसा वाटतो, पण इंजिन जळण्याआधीची ती एकच हाक असते.
- तीन-चार भाग एकदम बदलू नका. मोटार सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि तोच बिघाड पुन्हा आला की शोध पहिल्यापासून सुरू होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासा.

काठावर मोटार उघडताना

करा:

- इम्पेलर बाहेर काढून पात्यांच्या मुळाशी वाकवून पाहा. रबर कडक झालं असेल, पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील किंवा बारीक चिरा दिसत असतील, तर नवा बसवा.
- पंपाच्या घरावर आणि खालच्या पत्र्यावर नख फिरवा. गाळाने पाडलेल्या खाचा नखाला लागल्या तर तेही बदला. खाच असलेल्या घरात नवा इम्पेलरही पूर्ण दाब देत नाही.
- पात्याचा तुकडा गायब असेल तर तो शोधून काढाच. वर सरकलेला तुकडा नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी जाऊन बसतो, कधी वाट अडवतो, कधी सोडतो. इम्पेलर बदलूनही मोटार अधूनमधून का तापते, याचं उत्तर पुष्कळदा तिथे मिळतं.
- थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी हळू तापवा. तो कोणत्या तापमानाला उघडतो ते लिहा. थंड करून तीन वेळा हेच करा. तीनदा वेगवेगळे आकडे आले तर तो बाद.
- मोटार परत जोडताना पाण्याची नळी तिच्या रबरी तोंडात नीट बसली आहे का, इम्पेलरची चावी जागेवर आहे का, ते हाताने चाचपून पाहा. नवं गॅस्केट वापरा.
- पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, मुळाशी गुंडाळलेला तंगूस कापून काढा. तो सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. ऑइल दुधासारखं दिसलं तर सील गेलं असं समजा.
- टू-स्ट्रोक मोटार असेल तर पेट्रोलमधलं ऑइल मोजून घाला. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, बोटीच्या मोटारीचंच ऑइल घ्या.
- समुद्रावर वापरलेली जुनी मोटार घेतली असेल तर आतल्या मिठाच्या थरांची साफसफाई जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या. सुटलेले थराचे कण वाटेत अडकतात.

टाळा:

- मोटार कोरडी चालवून पाहू नका. पाण्याशिवाय काही सेकंदांतही रबरी पाती जळतात. ‘फक्त सुरू होते का पाहिलं’ एवढ्याने नवा इम्पेलर जातो. पिंपात तपासायची तर पाणी जाळीच्या आणि पंपाच्या वर हवं, पंखा काढलेला हवा आणि वेग कमी हवा. बंद खोलीत तर मोटार चालवूच नका, धूर जीवघेणा असतो.
- थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकू नका. मोटार मग गरजेपेक्षा गार चालते, इंधन पुरतं जळत नाही, काजळी साचते. आणि खरं कारण झाकलं जातं.
- पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळू नका. रॉकेलवर चालणाऱ्या मोटारी तशाच बांधणीच्या असतात. साध्या मोटारीत या मिश्रणाने आतून ठोके बसतात आणि उष्णता वाढते.
- मोटारसायकलचं टू-टी ऑइल बोटीच्या मोटारीला वापरू नका. ते हवेने गार होणाऱ्या इंजिनसाठी बनवलेलं असतं.

ऋतू पाहून चालवा

करा:

- पावसाळ्यात गढूळ पाण्यातून आल्यावर स्वच्छ पाण्याने मोटार आतून धुऊन घ्या. गाळ आत वाळला की दगडासारखा धरतो.
- उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला लागण्याआधीच मोटार बंद करून वर उचला आणि शेवटचं अंतर वल्ह्याने किंवा बांबूने रेटून जा.
- दर पावसाळ्याआधी इम्पेलर काढून पाहा. गाळाच्या पाण्यात तो लवकर झिजतो, म्हणून दिसायला बरा असला तरी वर्षाला बदललेला चांगला. त्याची किंमत जळलेल्या इंजिनपुढे काहीच नाही.

टाळा:

- उथळ चिखलात पंखा फिरवत बोट काठावर चढवू नका. ढवळलेला गाळ सरळ जाळीत जातो.
- प्लास्टिकच्या पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे पाण्यात टाकू नका. आज आपण टाकलेली पिशवी उद्या बोट अ‍ॅम्ब्युलन्सच्या जाळीवर चिकटू शकते.

बोटीत नेहमी काय ठेवावे

करा:

- इम्पेलरचा संच, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, स्पार्क प्लग, पंख्याची पिन, पाने, पक्कड, धारदार सुरी, लांब दोर, टॉर्च, दोन वल्ही आणि प्रत्येक माणसाला एक लाइफ जॅकेट.
- एक वही. मोटार तापली ती तारीख, वेळ, वेग, बोटीतली माणसं, पाणी गढूळ की नितळ, धार कशी होती, भोंगा किती वेळ वाजला, काय केलं, हे सगळं लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की ‘कधी’ आणि ‘का’ यांचं नातं दिसू लागतं. मिस्त्री शहाद्याचा असो की सुरतेचा, वही पाहिली की त्याचं निम्मं काम होतं.

टाळा:

- किल-स्विचची दोरी मनगटाला न बांधता मोटार चालवू नका. तोल जाऊन चालवणारा पाण्यात पडला तर त्याच दोरीने मोटार थांबते.
- फक्त नांगरावर भरवसा ठेवू नका. या दरीत पाणी खोल आहे, दोर तळाला पोचेलच असं नाही.

शेवटची परीक्षा

दुरुस्ती झाली की प्रवासी घेऊ नका. तेवढ्याच वजनाची रेतीची पोती बोटीत ठेवा आणि काठाजवळ राहून अर्धा तास चालवा: दहा मिनिटं मंद, दहा मिनिटं मध्यम, दहा मिनिटं वेगात. नंतर पोती पुढच्या टोकाकडे सरकवा आणि धार पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. अधूनमधून तापणारी मोटार एका फेरीत खरं सांगत नाही.

तीन दिवस धार अखंड पडली, भोंगा वाजला नाही आणि वहीत कारण नावानिशी लिहिता आलं, की पोती उतरवा आणि माणसं बसवा.