वृद्धाश्रमातील वडीलधाऱ्यांचा कैवार

आम्ही धान्याचे व्यापारी पोत्याच्या तोंडची मूठ पाहून सौदा करीत नाही. तळाचाही नमुना काढतो. वृद्धाश्रमात ठेवलेल्या वडीलधाऱ्यांची विचारपूस मात्र आम्ही दर्शनी खोलीतच आटोपतो. ज्याच्या हातचे जेवावयाचे, त्याच्याविरुद्ध त्यांनी बोलावे कसे? यास्तव त्यांचा कैवार दुसऱ्यानेच घ्यावयास हवा.

अवचित जावे, एकांतात विचारावे. वळ, शय्याव्रण, घटलेले वजन यांची तारीखवार नोंद ठेवावी. व्यवस्थापकास लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. दाद न लागल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या मदत क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत कळवावे. कायद्याच्या साहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. मारहाण होत असल्यास तत्काळ ११२ वर पोलिसांस बोलवावे.

वैयावृत्त्यास आपण तप मानतो. भीतीने मुक्या झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी बोलणे, हेही वैयावृत्त्यच होय.