भरल्या पोटी खडकाला जाऊ नये

ये गं, बस. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मधल्या तुझ्या बेटावर चूल पेटली म्हणे, आणि पहिल्याच दिवशी सगळे टोमॅटो संपवलेस! आत्याच्या चार गोष्टी ऐकून ठेव. चाराच्या चौदा होतील, पण ती आपल्या घराण्याचीच खोड.

१. आधी नूक स्टॉपवर २,००० माइल्स मोजून ‘बी अ शेफ’ घे – त्याशिवाय घरातली शेगडी नुसती शोभेची.

२. टोमॅटो, गहू, बटाटा, गाजर, ऊस, सगळ्यांना रोज पाणी घाल – न घालताही पीक येतं, पण रोपाला एकच. रोजच्या पाण्यावर तीन मिळतात. पाण्याचा आळस, टोमॅटो एकच.

३. तोडणी झाली की रोप उपटू नकोस – त्यालाच पुन्हा धरतं. (खऱ्या शेतात असं असतं तर काय हवं होतं!)

४. पाच गव्हांचा मैदा होतो आणि पाच गव्हांची कणीकही. उसाची साखर आणि ब्राउन शुगर तशीच. चारही थोडं थोडं करून ठेव – ऐन वेळी कृती एक मागते नि हाताशी दुसरंच निघतं.

५. आता हे दोनदा ऐक. खाऊन झाल्यावर फावडं घेऊन खडकाकडे जायचं नाही – पोटात बळ असलं की पहिल्याच घावाला खडक फुटतो, आणि एरवी त्याच खडकातून दिवसाला आठ वस्तू निघतात. फुटलेला खडक परत येतो, पण दिवसाला एकच. बेटावरचे सहाच्या सहा फोडलेस तर सहा दिवस बस वाट बघत.

६. खाल्लंच असशील तर घरी जाऊन संडासावर बसून ये – हसू नकोस, बळ खरंच उतरतं.

७. घाव घालण्याआधी पाठीशी दोन खड्डे खण – धक्क्याने मागे सरकत नाहीस, आणि आठच्या आठ पदरात पडतात.

८. झाड हलवायचं असेल तेव्हा मात्र जेवूनच जा – अख्खं झाड मुळासकट उचललं जातं. एका फळाचं एक बळ, तेही दहापर्यंतच. रांधलेलं जास्त पुरतं, म्हणून बागकामाच्या दिवसासाठी दोन ताटं राखून ठेव.

९. रोज शेजाऱ्यांच्या घरात डोकावत जा – कोणी रांधत असेल तर कृती आपणहून हातात देतो. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ची मालिका रचणारे कात्सुया एगुची चिबा सोडून क्योटोला आले, तेव्हा त्यांना माणसांवाचून करमेना. त्यातून हे सगळं सुचलं. तू दारावरून तशीच पुढे जाऊ नकोस.

१०. किनाऱ्यावर वाळूतून चिळकांडी उडाली की खण, आणि तीन मनिला शिंपल्या कायम बाजूला ठेव – नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाला फ्रँकलिन चौकात चूल मांडतो आणि क्लॅम चाउडरला नेमक्या तीनच मागतो. हा फ्रँकलिन जातीचा टर्की. गेमक्यूबवरच्या जुन्या खेळात याच सणाला बिचारा लपून बसायचा, कारण पानात त्यालाच वाढायचा बेत असायचा! आता तोच आचारी झालाय, तेव्हा त्याला सामानासाठी ताटकळत ठेवू नकोस. काही कमी पडलं तर ज्या शेजाऱ्याच्या घरी भांडं चढलंय, त्याच्याशी अदलाबदल कर.

११. एक स्कॅलपही जपून ठेव – चाउडरची गुप्त चव तीच. पास्कल नावाचं पाणमांजर गोड बोलून ती मागेल. त्याला एखादे दिवशी ‘नाही’ म्हटलेलं चालतं.

१२. भोपळ्याची रोपं ऑक्टोबरात दुकानातूनच घेऊन टाक – फ्रँकलिनच्या ‘पम्पकिन पाय’ला भोपळा लागतो, आणि ऐन सणाला लावलेलं रोप त्या दिवशी कामाचं नाही. दुकान रात्री दहाला बंद होतं, तुझ्या जागरणाशी त्याला काही देणंघेणं नाही.

१३. पीक लवकर यावं म्हणून घड्याळ पुढे नेलंस तर नेलंस, मागे मात्र आणू नकोस – रविवारी घेतलेले सलगम तिथल्या तिथे कुजतात. घड्याळ मागे, सलगम उकिरड्यावर.

१४. मला बोलावशील तेव्हा आधी ‘बेस्ट फ्रेंड’ करून टाक – नाहीतर पाहुणीला फावडं-कुऱ्हाड चालवता येत नाही. तुझ्या धाकट्या काकाला मात्र करू नकोस. तो जेवूनच येतो.