१२ व्होल्टवर कपॅसिटर का फुटला?

प्रश्न : भजनासाठी घरीच अ‍ॅम्प्लिफायर जोडला. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मरला १६ व्होल्टचे कपॅसिटर लावले. चालू केल्यावर थोड्याच वेळात एक फुटला. पावसाळी दमट हवेमुळे असे झाले का? पुन्हा जोडायची भीती वाटते.
– एक वाचक, नार्वे (डिचोली)

उत्तर : दोष हवेचा नसून व्होल्टेजच्या हिशेबाचा दिसतो. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ व्होल्ट हे एसीचे आरएमएस मूल्य असते. त्याचे शिखर १.४१ पट, म्हणजे सुमारे १७ व्होल्ट. रेक्टिफायरनंतर कपॅसिटर जवळपास या शिखरापर्यंत भरतो. भार कमी आणि वीजदाब जास्त असला, की १६ ची मर्यादा ओलांडली जाते. येथे २५ किंवा ३५ व्होल्टचे कपॅसिटर योग्य. टोके उलटी जोडल्यासही कपॅसिटर फुटतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या पट्टीची बाजू ऋण असते.

एक कपॅसिटर गेल्याने सगळे सर्किट निकामी होत नाही. तो बदलावा, डायोड तपासावेत. पहिल्या चाचणीत ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावावा. चूक असल्यास तो प्रखर पेटतो आणि सर्किट बचावते. फ्यूज, धातूच्या पेटीला अर्थिंग आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री करूनच आत हात घालावा.