पोर्तुगीज पासपोर्ट काढण्याआधी

गोव्यात, आमच्या बार्देशात ‘नाव लिस्बनला घातलं का?’, म्हणजे पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद केली का, हे लग्नाच्या मांडवातसुद्धा विचारतात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला, तरी त्याआधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगाल आजही नागरिकत्व देतो. त्या पासपोर्टवर युरोपीय संघातल्या देशांत काम करता येतं. पोरं पोटासाठी जातात, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण माझ्या धाकट्या भावाचं काय झालं ते सांगायलाच हवं. एजंट म्हणाला, “इंडियन पासपोर्ट असू दे कपाटात, कोण विचारतो?” भाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला आणि एकदा घाईत त्याच जुन्या पासपोर्टवर घरी येऊन गेला. पुढे ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डासाठी, अर्ज केला तेव्हा ते उघड झालं. चौकशी लागली, दंड झाला, फाइल अडकून पडली. बाबांचं शेवटचं आजारपण त्याने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. त्या एजंटाचा राग अजून जात नाही.

कायदा काही लपलेला नाही. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोवेकर भारतीय झाले. जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल तर लेखी कळवायला एक महिन्याची मुदत होती. आपल्या वाडवडिलांनी तसं कळवलं नाही, म्हणून आपण भारतीय. आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. मतदान गेलं, पंचायतीची निवडणूक गेली. ओसीआय कार्ड मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही.

इंग्लंड डोळ्यांसमोर ठेवून निघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्याला नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नोकरी करता येत नाही.

कागद आधी जुळवा. बाबांच्या जन्मदाखल्यावर ‘पोरोबो’, शाळेच्या दाखल्यावर ‘परब’. त्या एका आडनावापायी किती खेटे पडले! घरात सगळ्यांनी बसून ठरवा, एजंटाआधी वकिलाला विचारा. आणि पोर्तुगीज पासपोर्ट हाती आलाच, तर भारतीय पासपोर्ट ताबडतोब जमा करून त्याचा दाखला घ्या. ओसीआयच्या अर्जाला तो जोडावा लागतो.