चौथा सिंह कुठे आहे?

खिशातलं एक रुपयाचं नाणं काढा आणि त्यावरचे सिंह मोजा. तीनच भरतात ना? सारनाथच्या मूळ दगडात मात्र चार आहेत, पाठीला पाठ लावलेले. आपली राजमुद्रा म्हणजे त्या दगडाचा निव्वळ फ्रंट व्ह्यू आहे. ड्रॉइंगच्या सरांनी ते शीट नक्की परत केलं असतं, "मागच्या सिंहाची हिडन लाइन कुठे आहे?" म्हणून!

अशोकाच्या काळातला हा सुमारे सात फुटांचा शिरोभाग चुनारच्या एका अखंड वालुकाश्मातून घडवला आहे. 1904-05 मध्ये सारनाथला उत्खनन करून तो बाहेर काढणारे ओर्टेल हे बांधकाम खात्यातले इंजिनिअर होते. (हे आपल्याला कोणी सांगत नाही!)

26 जानेवारी 1950 ला राजमुद्रा स्वीकारताना खालचं उलटं कमळ गाळलं. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी आहेत. समोरून त्यातले दोनच दिसतात: डावीकडे घोडा, उजवीकडे बैल, मध्ये चक्र. 'सत्यमेव जयते' दगडावर नाहीच, ते मुंडक उपनिषदातून घेऊन खाली जोडलं.

संविधानाच्या मूळ प्रतीतले सिंह दीनानाथ भार्गवांनी काढले. ते तापीच्या उगमाजवळच्या मुलताईचे, आणि तेव्हा शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. सिंहांचा अभ्यास करायला ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जात. आपल्याला आरेत बिबट्या फुकट दिसतो, सिंहासाठी मात्र बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं तिकीट काढावं लागतं.

2022 मध्ये नव्या संसद भवनावर 6.5 मीटर उंच, 9500 किलो वजनाचे कांस्य सिंह बसले. ते सुनील देवरे आणि लक्ष्मण व्यास यांनी केले. सिंह फार उग्र दिसतात म्हणून वाद झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि याचिका फेटाळली गेली. प्रमाण मूळचंच आहे, फोटो खालून काढल्यामुळे तसं दिसतं, असं देवरेंचं म्हणणं. खालून बघितलं की जबडा मोठा वाटणारच, हे खरं. पण मला विचाराल तर दोन्हींचे फोटो एकाच कोनातून काढून शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याच बाजूने बोलू नये.

आता आपल्या कामाचं. आरेच्या रस्त्यावर बाइकवर तीन सिंहांचे स्टिकर लावून फिरणारे दिसतात. 2005 च्या कायद्याने खाजगी माणसाला हे चालत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रोजेक्ट रिपोर्टच्या कव्हरवर सुद्धा ती टाकू नका. झेरॉक्सवाल्याकडच्या तयार चित्रात तर पुष्कळदा खालचं 'सत्यमेव जयते'च नसतं, आणि त्याशिवाय राजमुद्रा अपुरी धरतात.