वेब्लीत .४५ एसीपी: ताकदीचा महागडा मोह

प्रश्न : जुन्या वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हरमध्ये जास्त ताकदीचे काडतूस बसेल असा बदल करून घेणे फायद्याचे आहे का?

उत्तर : नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेलेल्या ब्रिटिश वेब्लींमध्ये असाच बदल केला गेला. तिथे त्यांची मूळची .४५५ ची काडतुसे दुर्मीळ, .४५ एसीपी काडतुसे मात्र सर्वत्र. म्हणून अनेक वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू तासली गेली. नवे काडतूस बसले, पण पोलाद जुनेच राहिले. .४५ एसीपीचा कमाल दाब चौरस इंचाला २१,००० पौंड. १९१५ च्या या रिव्हॉल्व्हरची रचना त्याहून बऱ्याच कमी दाबासाठी होती. त्यामुळे सिलिंडरला तडे जाण्याचा धोका खरा आहे.

तासलेला सिलिंडर पूर्ववत होत नाही. संग्राहकांकडे किंमतही घटते. जास्त ताकद हवी असेल, तर त्या काडतुसासाठीच घडवलेले रिव्हॉल्व्हर घ्यावे.