व्याख्यानमाला बंद करावी का?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला दरवर्षी तोट्यात जाते. ती थांबवून तो पैसा पुस्तकांवर खर्च करावा का? – एक कार्यवाह

उत्तर : थांबवू नका. खर्चाचा हिशेब तीन दिवसांत लागतो, मिळकतीचा लागायला वर्षं जातात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही भरते.

खरी कमाई व्यासपीठामागे असते. सतरंज्या अंथरणारी, माइक जोडणारी, पाहुण्यांना एसटी स्टँडवरून आणणारी दहावी-बारावीची मुलं बघा. उद्याची कार्यकारिणी त्यांच्यातूनच उभी राहते. नुसती पुस्तकं घेऊन अशी माणसं मिळत नाहीत. शिवाय एरवी वाचनालयाची पायरी न चढणारे लोक त्या संध्याकाळी आत येतात. पण दारात वही ठेवता का? नाव, फोन, आवडीचा विषय लिहून घ्या आणि आठवड्याभरात प्रत्येकाला सभासद होण्यासाठी फोन करा. हे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं, आणि मला विचाराल तर तोटा नेमका तिथे होतो.

पैशांची फारच ओढाताण असेल तर दोनच दिवस करा, जवळपासचे वक्ते बोलवा, एकेका दिवसाचा खर्च एखाद्या कुटुंबाला स्मृतिप्रीत्यर्थ उचलायला सांगा. वही मात्र आजच आणून ठेवा.